देवाची विहीर आणि माझा डावा पाय

रविवार, १५ मे १९२७

उन्हाळ्याच्या सुटीत मास्तरांनी झोपा काढाव्यात असा आमच्या शाळेचा प्रघात आहे. मी मात्र शाळेचे पितळी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन वळसंगच्या अलीकडे मोटारीतून उतरलो आणि तेथून बैलगाडीने या वाडीत दाखल झालो. आमच्या सोलापूरच्या विज्ञान मंडळाने यंदा नारू हा विषय घेतला असून खेड्यांत व्याख्याने देण्याचा मान मला मिळाला आहे. मान हा शब्द मी जाणून लिहितो. ज्या रोगाने माणसे हजारो वर्षे लंगडली, त्याचे मूळ माणसानेच आपल्या बुद्धीने गेल्या पन्नास-साठ वर्षांत शोधून काढले. ती वार्ता या वाडीच्या वेशीपर्यंत आणणारा जासूद मी आहे.

येथे शंभरेक उंबरे आहेत. ऊन तापले की दर तिसऱ्या घरात एकजण पाय धरून बसतो. पायावर फोड येतो, फुटतो, आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड बाहेर काढतो. त्याला काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचे. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस ऐन पेरणीत अंथरूण धरतो.

सारे गाव महादेवाच्या देवळापुढील पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिते. येथील रीत मी चार जणांना विचारून पक्की करून घेतली. देवाचे पाणी दोराने ओढायचे नाही. खाली उतरून, पाण्यात उभे राहून भरायचे. शिवाय ज्याला नारू झाला त्याने खालच्या पायरीवर बसून दुखरा पाय पाण्यात सोडायचा. मग आग शांत होते, आणि ती देवाची कृपा समजून तो नारळ फोडतो.

हे ऐकून मी थक्क झालो. या लोकांचे निरीक्षण अगदी बिनचूक आहे! पाण्यात आग खरोखरच शांत होते. मात्र नारूची मादीही त्याच घटकेसाठी थांबलेली असते. पाणी लागताच ती आपली असंख्य पिल्ले त्यात सोडते. पाण्यात तिळाहून बारीक असा टुणटुण उडणारा एक जीव असतो, तो ती पिल्ले गिळतो. माणूस पाण्याबरोबर त्या जीवाला पोटात घेतो. आणि सुमारे वर्षाने त्याच्या पायावर फोड येतो. म्हणजे कृपा मागायला आलेला भाविक पुढच्या वर्षीचा नारू साऱ्या गावाला वाटून जातो. निरीक्षण खरे, अनुमान मात्र चुकलेले.

दिवे लागल्यावर देवळाच्या भिंतीवर जादूच्या कंदिलाने चित्रे दाखवली. किडा भिंतभर दिसताच बाया किंचाळल्या. माझा येथील यजमान रावजी हा जाणता शेतकरी आहे, पण जिभेचा तिखट. तो उठून म्हणाला, "मास्तर, आमचा नारू दोऱ्याएवडा असतोय. ह्यो तुमचा सोलापूरचा दिसतोय, गिरनीचा कापूस खाऊन माजल्याला!" सगळे हसले. मीही हसलो, आणि चित्र मोठे करून दाखवणे म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

देवळाचे पुजारी चनबसप्पा सर्वांत पुढे बसले होते. वय सत्तरीच्या घरात, अंगाने काटक, बोलणे मोजके. अखेरीस त्यांनी एवढेच विचारले, "म्हंजी देवाचं पानी वाईट?"

"पाणी वाईट नाही, अप्पा. पाण्यात पाय घालणे वाईट."

"पाय तर माजंच हायत की त्यात. रोज."

मी कंदील विझवला आणि चित्रे पेटीत भरली.

सोमवार, १६ मे १९२७

सकाळची पूजा पाहिली. अप्पा घागर घेऊन उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले, घागर भरली आणि एकाही पायरीला न थांबता वर आले. त्यांची सून शरणम्मा देवळाची झाडलोट करते. तिला तीनदा नारू झाला; एक गुडघा आखडला तो कायमचा. ती लंगडत पुढे आली, तिने तीर्थ घेतले. मग अप्पा माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

मी पिण्यासाठी घरूनच उकळलेले पाणी आणतो, आणि तेच पितो. पण शास्त्र शिकलेला माणूस श्रद्धेचा अवमान करत नाही, हे दाखवण्याची याहून चांगली संधी कोणती? मी तळहात पुढे केला. अप्पांनी तीनदा पळी रिकामी केली, मी तीनदा घेतले. नवी पेठेतील माझ्या सोवळ्या शेजाऱ्यांनी मला परजातीच्या हातचे पाणी घेताना पाहिले असते तर दोन दिवस कुजबुज झाली असती! अप्पांचा चेहरा उजळला. माझ्या सबंध व्याख्यानाने झाले नसेल तेवढे काम या एका कृतीने झाले, असे मला वाटते.

त्यानंतर मी माझी विनंती मांडली: खालच्या पायऱ्या भिंत घालून बंद कराव्यात आणि वर रहाट बसवावा. गावाने ऐकून घेतले आणि नको म्हटले. "देवाला दोराचं पानी घातलं तर पाऊस रुसंल," गोजरबाई नावाची एक वृद्धा म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीला या विहिरीत उतरता येत नाही. ते वर उभे राहतात, कोणी ओतील तेव्हा ओंजळीत व मडक्यात पाणी घेतात. नारू मात्र तेथेही तेवढाच आहे. किड्याला शिवाशीव ठाऊक नाही.

रविवार, १२ जून १९२७. सोलापूर

मंडळापुढे वृत्तांत वाचला. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर माझ्या पत्नीला, अनसूयेला म्हणालो की हे यश आहे की अपयश, हेच मला कळत नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही त्यांना त्यांची चूक सांगितलीत. त्याऐवजी काय करायचं तेही सांगितलंत. पण त्या चुकीचं त्यांनी काय करायचं?"

प्रश्न नीट मांडलेला नाही असे मी तिला सांगितले.

रविवार, १५ जानेवारी १९२८

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत रावजी भेटला. पोरीसाठी बांगड्या घेत होता. विहिरीचे विचारले तर म्हणाला, "हाय तशी हाय. मास्तर, तुमी शेरातलं मानूस. तुमच्या पायाला कदी झालाय का नारू? ज्याचं जळतं त्येला कळतं." त्याच्या बोलण्यात तर्कदोष आहे. वैद्याला ताप आला पाहिजे असे नाही. तरीही घरी येईपर्यंत ते वाक्य मनातून गेले नाही.

शुक्रवार, ४ मे १९२८

तीन दिवस डाव्या पायाच्या घोट्यावर खाज होती व अंगावर गांधी उठल्या होत्या. आज पहाटे पावलीच्या नाण्याएवढा फोड दिसला, आणि त्यात अशी आग की निखारा बांधल्यासारखी. भिंगातून पाहिले. त्वचेखाली वळसे घेत गेलेली एक बारीक रेघ! मी इतक्या मोठ्याने ओरडलो की अनसूया स्वयंपाकघरातून धावत आली.

नवी पेठेतील आमच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखले. "नारू! मास्तर, तुम्ही? कुठले पाणी प्यायलात?"

मी क्रमाने आठवले. घरी नळाचे पाणी, तेही उकळून. प्रवासात घरचा तांब्या. वाडीत दोन दिवस राहिलो, तेव्हाही हाच नेम. मग आला कोठून? मी गोंधळलो. विज्ञानाच्या शिक्षकाच्या अंगात, कारण नसताना, कार्य!

उत्तर अनसूयेने दिले. "तीर्थ घेतलं होतंत ना? आल्यावर किती कौतुकानं सांगत होतात."

मला सर्व नियम पाठ होते, आणि तरीही हातावरचे तीर्थ हे पाणीच आहे असे त्या क्षणी माझ्या मनात आले नव्हते. त्या वाडीतल्या कोणाच्याच मनात कधी आले नसेल. पण ही खंत फार टिकली नाही, कारण लगेच दुसरा विचार विजेसारखा चमकला. एकच विहीर, एकच सकाळ, तीनच घोट. आणि वर्ष भरता भरता हा किडा. याहून निर्दोष प्रयोग मांडता आला असता का? प्रयोगशाळेत हजार रुपये ओतूनही नाही! पुरावा मागणाऱ्या रावजीपुढे मी आता माझा पायच ठेवीन.

"किडा ओढायला डॉक्टर रोज येतील इथं," अनसूया म्हणाली.

"येथे नव्हे. वाडीला जाऊन ओढणार. लोकांसमोर."

तिने कपाळाला हात लावला. "दुसऱ्यांच्या नवऱ्यांना बढती मिळाल्यावर एवढा आनंद होतो." मग पेटी काढून स्वतःचीही लुगडी भरू लागली.

सोमवार, ७ मे १९२८. वाडी

गाडीच्या प्रत्येक धक्क्याला पायातून कळ मस्तकात जात होती. देवळाच्या ओट्यावर मला बसवले. रावजी पुढे आला, पाय पाहिला, आणि खुशीत म्हणाला, "आलं व्हय मास्तर आमच्या पंगतीला! वाढा रं ह्येनला!"

मी हसून घेतले आणि कामाला लागलो. पांढरी वाटी घोट्याखाली धरली. अनसूयेने फोडावर तांब्याने गार पाणी सोडले. फोड फुटला होता. पाणी लागताच किड्याच्या तोंडातून दुधासारखी धार आली. आग शांत झाली. "हीच तुमची कृपा," मी म्हणालो, आणि त्या दुधाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एकेकाला बोलावले. वळवळणारी पिल्ले पाहून रावजीही मागे सरला. "आता ही वाटी विहिरीत ओतू?" मी विचारले. "नगं नगं!" चहूकडून आवाज आला. मी ती तापलेल्या खडकावर ओतली.

मग मी कळसाचा मुद्दा मांडला. म्हणालो, "मी या गावात आयुष्यात एकदाच पाणी प्यालो. विहिरीवर नव्हे, रावजीच्या घरीही नव्हे. गेल्या वर्षी याच जागी, अप्पांच्या हातून, तीर्थ म्हणून. त्यातूनच हा आला. याहून सरळ पुरावा नाही."

एवढी शांतता मी कोणत्याही वर्गात मिळवू शकलो नव्हतो. अप्पा ओट्याच्या टोकाला बसले होते. त्यांनी आपला उजवा हात पाहिला, उठले, आणि गाभाऱ्यात गेले. पूजेची वेळ झाली असावी.

बुधवार, ९ मे १९२८

मुक्काम देवळालगतच्या ओवरीत. किडा काडीवर सहा बोटे आला आहे. ओढताना वेदना होतात त्या सोसण्याजोग्या. आग मात्र माणसाला वेड लावील. विहीर दहा पावलांवर. पाण्याचा गारवा येथे बसूनही जाणवतो. दुपारी माझा पाय आपोआप तिकडे वळला आणि मी स्वतःच्या हाताने तो धरून ठेवला. वेळोवेळी अनसूया वाटी धरून तांब्याभर पाणी घालते, पण विहिरीत पाय सोडून बसण्याचे सुख काही वेगळेच असणार. येथल्या लोकांना मी मूर्ख समजत होतो असे नव्हे. पण त्यांना खालच्या पायरीवर काय मिळते हे मला आजच कळले.

शरणम्मा भाकरी घेऊन आली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "घाला की मास्तर पाय आत. कोन बगत न्हाय."

"तुम्ही पाहता आहात ना?"

"मी सांगत न्हाय कुनाला. मला ठावं हाय त्ये जळनं."

"शरणम्मा, मी पाय घातला तर पुढच्या वर्षी तुम्हाला चौथा नारू होईल."

तिने भाकरी माझ्यापुढे सरकवली. मग जाताना अनसूयेला म्हणाली, "वयनी, मामंजी तीन दिस जेवलं न्हाईत." म्हाताऱ्या माणसांची उन्हाळ्यात भूक मंदावते, हे मी तिला समजावले. अनसूयेने मला गप्प राहण्याची खूण केली. का, ते समजले नाही.

संध्याकाळी ओवरीसमोर बरीच माणसे नुसती येऊन बसली. मला वाटले प्रश्न विचारतील. कोणी विचारले नाही. माझा पाय आणि विहीर यांच्याकडे आळीपाळीने पाहत होती. रावजीने चिलीम विझवून बाजूला ठेवली. एका बाईने तर माझ्यापुढे नारळ आणून ठेवला. हा उपासनेचा विषय नसून जंतुशास्त्राचा आहे, हे तिला पटवण्यात बराच वेळ गेला, आणि नारळ ती परत घेऊन गेली नाही.

शनिवार, १२ मे १९२८

सकाळी अप्पा ओवरीत आले. डोळे खोल गेलेले. म्हणाले, "मला दावा त्ये."

मी उत्साहाने आरसा उन्हाकडे फिरवला, नळी त्यांच्या डोळ्याशी जुळवली. त्यांनी फार वेळ पाहिले. इतका वेळ माझ्या हुशार विद्यार्थ्यांनीही कधी पाहिले नाही.

"ह्येबी त्यानंच केल्यालं न्हवं?" डोळा न काढता त्यांनी विचारले.

"अप्पा, कोणी केले ते या नळीतून दिसत नाही. कसे वाढते एवढेच दिसते."

"हं." मग त्यांनी डोळा काढला. "बापाच्या मागं मी पळी धरली, त्येला चाळीस वर्सं झाली. मास्तर, माज्या हातानं किती जनांस्नी दिलं आसंल?"

प्रश्न मोजण्याजोगा होता. मी पाटी घेतली. "सोमवारी साधारण किती लोक येतात हे धरून, उन्हाळ्याचे महिने निराळे काढले तर..."

"अहो," अनसूया म्हणाली, "ते आकडा विचारत नाहीत."

मी थांबलो. ती अप्पांच्या समोर जमिनीवर बसली. "अप्पा, तीर्थ आधी कोण घेतं?"

"मी की. आपुन घेतल्याबिगर दुसऱ्याला कसं द्याचं?"

"आणि तुम्हाला कधी झाला का नारू?"

अप्पांनी धोतर गुडघ्यापर्यंत सारले. घोट्यापासून पोटरीपर्यंत पांढरे वण, नाण्यांसारखे. काही एकमेकांवर चढलेले. मी एवढे वण एका पायावर कधी पाहिले नव्हते. ओट्यावरच्या माझ्या एका फोडाची मिरवणूक आठवून मला थोडे संकोचल्यासारखे झाले, हे येथे प्रामाणिकपणे लिहितो.

"मग जे स्वतः प्यालात तेच दिलंत," अनसूया म्हणाली. "लपवून काही दिलं नाहीत."

"दिलं तर मीच न्हवं?"

"दिलंत." तिने ते नाकारले नाही. "आता थांबवणंही तुमच्याच हातात आहे. यांच्या नाही."

अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. नळीला डोळा फार वेळ लावला की पाणी येते. नवख्याला असे होतेच. शरणम्माने आत जाऊन ताट वाढले, आणि ते जेवले.

सोमवार, १४ मे १९२८

आजचा दिवस मी जन्मभर विसरणार नाही.

पूजेला सारे गाव जमले होते. अप्पा घागर घेऊन आले, पण विहिरीत उतरले नाहीत. वरच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "ह्या हिरीत समद्यांत जास्ती पाय कुनाचा पडला? माजा. आजपासनं माजा पाय पडायचा न्हाय. माज्या म्होरं कुनाचा हक्क आसंल तर त्यानं उतरावं."

कोणी हलले नाही.

गोजरबाई मात्र ठाम. "मग देवाला दोराचं पानी घालनार? रीत मोडनार, अप्पा?"

"ढगातलं पानी कोन पान्यात उबं ऱ्हाऊन भरतं, गोजरबाई?"

"त्ये येगळं."

"येगळं कसं? आखाडात देऊळ गळतं. थेंब थेंब पिंडीवर पडतंय. तवा देव उटून तुज्या घरला येतोय व्हय?"

हशा पिकला. गोजरबाईही पदर तोंडाला लावून हसली. मी एवढे दिवस आकृत्या काढून जो आक्षेप दूर करू शकलो नाही तो असा एका पावसाच्या दाखल्याने दूर झाला. अर्थात आधी शास्त्रीय भूमिका स्पष्ट झाली होती म्हणूनच हे शक्य झाले.

"आनि तीर्थ गाळून," अप्पा पुढे म्हणाले. "सोवळ्याच्या दुहेरी धडप्यातनं. आमचा आजा गाळत हुता. कवा सुटलं कोन जाने."

रावजीने बांधावरचा दगड स्वतःच्या गाडीने आणला. दुपारी गवंडी तयार झाला, वरच्या रहाटासाठी सुतारही. भिंत लावण्याआधी अप्पा एकटे खाली उतरले; पाण्यापर्यंत नाही, त्याच्या वरच्या पायरीपर्यंत. तेथे थोडे थांबले. वर आले, आणि गवंड्याला म्हणाले, "बांद."

मी काडीसह पाय उशीवर ठेवून हे पाहत होतो आणि माझी छाती अभिमानाने भरून येत होती. हे काही फक्त एका विहिरीचे नाही. ज्याने नळीत पाहिले तोही माणूस, आणि ज्याने गाभाऱ्यातून बाहेर येऊन आपलीच रीत थांबवली तोही माणूस. दोघे एका दगडापाशी भेटलेले मी आज पाहिले.

वस्तीसाठी दुसरा रहाट मागच्या बाजूला बसवावा असे मी सुचवले. रावजी जमिनीकडे पाहत म्हणाला, "त्ये फुडचं फुडं बगू." ते झाले नाही. नोंद करून ठेवतो.

रविवार, ९ जून १९२९. सोलापूर

मी गावाला बजावून ठेवले होते: या उन्हाळ्यात नारू निघतील, ते भिंतीपूर्वीच्या पाण्याचे. त्यांना घाबरू नका. खरा निकाल पुढच्या वर्षी. तरी आज रावजी आला आणि "सात जनांस्नी झाला" म्हणाला तेव्हा मी आधी भिंतीचेच विचारले. भिंत पाडली तर? सिद्धान्त पक्का आहे, पण गावाचा धीर सिद्धान्तावर टिकतो का?

"पाडा म्हनत हुतं काहीजन," रावजी म्हणाला. "अप्पा जाऊन भितीला पाठ लावून बसलं. दोन दिस. मग कोन पाडतंय?" आणि थांबून हसला. "दुसरा रहाट बसिवला बरं का, मास्तर. वस्तीच्या बाजूला. नारू जात वळखत न्हाय म्हनं मानसाची."

सोमवार, २८ जुलै १९३०. वाडी

मे आणि जून महिन्यांत शहरात लष्करी कायदा होता; त्याविषयी येथे लिहीत नाही. त्यामुळे श्रावणाचा पहिला सोमवार गाठून आज आलो.

सबंध उन्हाळ्यात वाडीत एकही नारू निघाला नाही. एकही नाही! मी घरोघर फिरून खात्री केली, वस्तीतही. शरणम्मा लंगडतेच, पण यंदा पेरणीला तिने स्वतः पाभर धरली, असे मला दोनदा सांगितले. लोक याचे श्रेय कोणाला देतात ते मी विचारले. अर्धे म्हणतात महादेवाला, अर्धे म्हणतात अप्पांना, आणि दोनतीन म्हाताऱ्या, मी नको म्हणत असताही, मास्तरांच्या पायाच्या तपाला. शास्त्राचे नाव एकट्या रावजीने घेतले, तेही अनसूयेने डोळ्याने खुणावल्यावर. असू द्या. दिवा कोणी लावला हे न कळताही त्याच्या उजेडात वाचता येते.

एक नवी रीत मात्र माझ्या पद्धतशीर मनाला फार समाधान देऊन गेली. फोड लवकर ओळखला तर माणूस पाण्यापासून दूर ठेवता येतो, असे मी मागे सांगितले होते. ते अप्पांनी इतके काटेकोरपणे उचलले आहे की आता देवळात शिरण्याआधी प्रत्येकाचा पाय तपासला जातो. परगावहून आलेल्याचाही. अप्पांनी पळी शरणम्माच्या हातात दिली आहे आणि स्वतः सकाळपासून उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसतात. येणाऱ्याचे पाऊल दोन्ही हातांत घेऊन, तोंड जवळ नेऊन, टाच, घोटा, पोटरी पाहतात. या वयात एवढे वाकणे सोपे नव्हे. निरीक्षणपद्धतीचा असा अंगीकार मी शहरातल्या शाळेतही पाहिला नाही, असे मी अनसूयेला म्हणालो. ती चप्पल काढून रांगेत जाऊन उभी राहिली.

तिच्यापुढे गोजरबाई होती. सत्तरीच्या पुजाऱ्याने पाय धरलेला पाहून तिने तो झटकन मागे ओढला. "अप्पा, सोडा की! तुमी माजं पाय धरायचं? मला पाप लागंल."

अप्पांनी मान वर केली नाही.

"त्ये माज्याकडं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दुसरा पाय दाव."